पालेभाजी, जिवाणू आणि ‘रक्त पातळ करणारी’ गोळी

हृदयात कृत्रिम झडप बसवलेले, पायाच्या शिरेत गुठळी होऊन गेलेले किंवा हृदयाचे ठोके अनियमित पडणारे वडीलधारे आज अनेक घरांत आहेत. त्यांच्या औषधांच्या डब्यात एक लहानशी गोळी असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तिचे नाव वॉरफरिन किंवा एसेनोकुमॅरॉल असे असते. घरात मात्र तिला ‘रक्त पातळ करणारी गोळी’ म्हणतात. वास्तविक तिने रक्त पातळ होत नाही, ते गोठण्याची क्रिया मंदावते. चातुर्मास जवळ आला की या गोळीकडे विशेष लक्ष द्यावे लागते. कारण तिचे प्रमाण रोजच्या ताटावर बेतलेले असते आणि व्रताच्या दिवसांत तेच ताट बदलते. हा संबंध समजून घ्यायचा तर गोळीचा इतिहास पाहावा लागतो, आणि तो गुरांच्या वैरणीपासून सुरू होतो.

बुरशी आलेली वैरण

१९२० नंतरच्या दशकात कॅनडा आणि उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशांत गुरांमध्ये एक विचित्र व्याधी पसरली. शिंगे कापणे किंवा खच्ची करणे अशा किरकोळ जखमेनंतरही रक्त थांबत नसे आणि जनावर दगावत असे. फ्रँक स्कोफिल्ड या कॅनडातील पशुवैद्याने तिचे मूळ वैरणीत शोधले. ही वैरण होती स्वीट क्लोव्हर, म्हणजे मेथीच्याच कुळातील एक सुगंधी वनस्पती. त्याने एकाच गंजीतील चांगल्या आणि खराब झालेल्या काड्या वेगळ्या करून सशांना खाऊ घातल्या. चांगल्या काड्या खाणारा ससा निरोगी राहिला. खराब काड्या खाणारा रक्तस्रावाने मेला. दोष वनस्पतीत नव्हता, तिच्यावर आलेल्या बुरशीत होता.

फेब्रुवारी १९३३ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील एड कार्लसन हा शेतकरी हिमवादळातून सुमारे ३०० किलोमीटर प्रवास करून मॅडिसन येथील विद्यापीठात पोहोचला. त्याच्या गाडीत मेलेली कालवड, तीच खराब वैरण आणि दुधाच्या कॅनमध्ये भरलेले, न गोठलेले रक्त होते. तेथे रसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत त्या वैरणीचे पृथक्करण सुरू झाले. अर्कामागून अर्क काढून सशांच्या रक्तावर त्याचा परिणाम तपासण्याचे काम सहा वर्षे चालले. १९३९ मध्ये हॅरल्ड कॅम्पबेल या सहकाऱ्याच्या हाती दोषी पदार्थाचे काही मिलिग्रॅम स्फटिक लागले. स्वीट क्लोव्हरला गोड वास देणारे कुमारिन हे द्रव्य निरुपद्रवी होते. बुरशीच्या क्रियेने त्याचे डायकुमारॉल झाले होते, आणि तेच रक्त गोठू देत नव्हते.

लिंक यांच्या प्रयोगशाळेत पुढे त्याच घडणीची अनेक रसायने तयार झाली. त्यांपैकी एकाला, संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या ‘वॉर्फ’ या संस्थेच्या नावावरून, वॉरफरिन हे नाव मिळाले. १९४८ मध्ये ते उंदीर मारण्यासाठी बाजारात आले. जीव घेण्यासाठी विकले गेलेले हे रसायन १९५४ मध्ये माणसांसाठी औषध म्हणून मान्य झाले, आणि पुढच्याच वर्षी हृदयविकाराचा झटका आलेले अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना ते दिले गेले.

शिवलेली शीर आणि गुठळी

या औषधाची गरज शस्त्रक्रियेने वाढवली. १८९४ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर लियाँ शहरात सुरीहल्ला झाला. यकृताकडे जाणारी मोठी शीर कापली गेली होती आणि ती शिवण्याचे तंत्र तेव्हा कोणाजवळही नव्हते. अलेक्सी कॅरेल हा त्या वेळी लियाँमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेत होता. त्याने त्याच शहरातील एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडून अतिशय बारीक सुई-दोऱ्याची कला शिकून घेतली आणि १९०२ मध्ये रक्तवाहिन्या जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९१२ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

शीर शिवता आली, तरी एक अडचण उरलीच. जेथे टाका, परका पदार्थ किंवा मंदावलेला प्रवाह असतो, तेथे रक्त गुठळी धरू पाहते. १९६० मध्ये अमेरिकेत आल्बर्ट स्टार आणि अभियंता लॉवेल एडवर्ड्स यांची कृत्रिम झडप हृदयात यशस्वीपणे बसू लागली, तेव्हा हा प्रश्न अधिकच तीव्र झाला. भारतात संधिवाती तापाने झडपा निकामी झालेल्या रुग्णांसाठी तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने देशी झडप घडवली. ती डिसेंबर १९९० मध्ये प्रथम बसवली गेली. अशा यांत्रिक झडपेवर गुठळी धरली तर झडप अडकते किंवा गुठळी मेंदूकडे जाऊन पक्षाघात होतो. म्हणून ही गोळी आयुष्यभर घ्यावी लागते.

के जीवनसत्त्वाचे खेळते भांडवल

रक्त गोठवणारी चार प्रमुख द्रव्ये यकृतात तयार होतात. पण के जीवनसत्त्वाचा स्पर्श झाल्याशिवाय ती कामाला येत नाहीत. शरीरात या जीवनसत्त्वाचा साठा अगदी थोडा असतो. दुकानातल्या खेळत्या भांडवलासारखे ते वापरले जाते, परत मिळवले जाते आणि पुन्हा वापरले जाते. वॉरफरिन ही परत मिळवण्याची वाट अडवते. मग रोज बाहेरून येणाऱ्या के जीवनसत्त्वावरच सारा व्यवहार अवलंबून राहतो, आणि डॉक्टर गोळीचे प्रमाण त्या आवकेशी जुळवून ठरवतात.

ही आवक दोन वाटांनी होते. पहिली वाट हिरव्या पानांची: मेथी, पालक, कोथिंबीर, कोबी. अमेरिकी शास्त्रज्ञ एडवर्ड डॉइझी यांनी के जीवनसत्त्व शुद्ध रूपात मिळवले ते लसूणघासाच्या पानांतून. त्यासाठी, मूळ शोध लावणारे डेन्मार्कचे हेन्रिक डाम यांच्यासह, त्यांना १९४३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरी वाट आतड्यातील जिवाणूंची. मोठ्या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूंच्या अनेक जाती के जीवनसत्त्वाचा दुसरा प्रकार बनवतात. नवजात बाळाच्या आतड्यात ही वस्ती अजून झालेली नसते आणि आईच्या दुधात हे जीवनसत्त्व फार थोडे असते. म्हणून जन्मताच बाळाला त्याचे इंजेक्शन देतात. मोठ्या माणसात जिवाणूंचा वाटा पानांपेक्षा कमी असतो. परंतु आहार घटला असता तोच आधार उरतो. अशा वेळी तीव्र प्रतिजैविके दिली गेली तर हा आधारही जातो. शिवाय काही प्रतिजैविके यकृतातील वॉरफरिनचा निचरा मंदावतात आणि तेच प्रमाण अंगात जड होते.

व्रताच्या दिवसांत

आता चातुर्मासाकडे पाहू या. अनेक कुटुंबांत चार महिने पालेभाजी वर्ज्य असते, काहींत अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी टाळतात. आयंबिलात भाजीबरोबर तूप-तेलही नसते, आणि के जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थाशिवाय नीट शोषले जात नाही. अठ्ठाईत तर आहारच नसतो. गोळी तीच, आवक मात्र घटलेली. त्यामुळे रक्त गोठणे प्रमाणाबाहेर मंदावते. याउलट पारण्यानंतर मेथी-पालक एकदम ताटात आले की गोळीचा प्रभाव उतरतो आणि गुठळीचा धोका वाढतो. व्रताची दोन्ही टोके म्हणूनच जपावी लागतात.

याचा अर्थ व्रत सोडावे असा नाही. पालेभाजी कायमची बंद असली तरी चालते. आहारात सातत्य असले की प्रमाण त्याला जुळवता येते. बाधतो तो अचानक झालेला बदल. म्हणून व्रतापूर्वीच डॉक्टरांना आहाराचा पूर्ण तपशील सांगावा. ‘आयएनआर’ ही रक्ततपासणी व्रत सुरू होण्याआधी, सुरू झाल्यावर काही दिवसांनी आणि पारण्यानंतर करून घ्यावी. गोळी न घेणाऱ्याचा हा आकडा १ च्या आसपास असतो. गोळी घेणाऱ्या बहुतेकांचा तो २ ते ३ मध्ये ठेवतात, काही झडपांसाठी थोडा वर. प्रमाण स्वतःहून कमी-जास्त करू नये.

सायंकाळी दिली जाणारी गोळी सूर्यास्तापूर्वी घेतली तरी चालते. वेळ रोज एकच असावी. लांब उपवासाचा, विशेषतः चौविहार उपवासाचा विचार असेल, तर डॉक्टरांबरोबर गुरुमहाराजांशीही आधी बोलावे. पच्चक्खाणात आगारांची योजना अशाच प्रसंगांसाठी आहे, आणि आजारपणात औषधापुरती मोकळीक त्यात बसते. यांत्रिक झडप असलेल्याने गोळी चुकवणे म्हणजे पक्षाघाताला वाट मोकळी करणे होय.

वनस्पतिजन्य औषधांबद्दलही तीच दक्षता हवी. गव्हांकुराचा रस, शेवग्याच्या पानांची पूड, लसूणघासाच्या गोळ्या यांतून के जीवनसत्त्व वाढते. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल रक्तस्राव वाढवू शकतात. स्वयंपाकातील चिमूटभर हळदीची गोष्ट वेगळी. अर्क काढला की वनस्पतीचे बळ बदलते.

नव्या पिढीची काही औषधे के जीवनसत्त्वावर अवलंबून नसतात आणि अनेकांना ती सोयीची ठरतात. यांत्रिक झडपेसाठी मात्र ती चालत नाहीत. त्यांपैकी डाबिगाट्रान या औषधाची चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, काळे शौच, लालसर लघवी, कारण नसता अंगावर उठलेले निळे डाग ही रक्तस्रावाची चिन्हे होत. एका बाजूचा अशक्तपणा, अडखळती वाणी, पाय अचानक थंड आणि पांढरा पडणे, झडपेचा नेहमीचा आवाज मंदावणे ही गुठळीची चिन्हे होत. यांपैकी काहीही दिसल्यास, किंवा डोक्याला मार लागल्यास, सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. गोळीचे नाव, प्रमाण आणि शेवटचा आयएनआर लिहिलेले कार्ड रुग्णाच्या खिशात असावे, आणि ते कोठे आहे हे दुकानात बसणाऱ्या मुलालाही ठाऊक असावे.