मुंबई जिंकली, भारत बाहेर : 2023-24 च्या फुटबॉल हंगामात नेमकं काय घडलं?

4 मे 2024 ला कोलकात्यात मुंबई सिटीने मोहन बागानला 3-1 ने हरवून आयएसएल चषक जिंकला. पुढच्या सव्वा महिन्यात भारतीय संघ मात्र विश्वचषक पात्रता फेरीतून बाहेर पडला.

देशाचा संघ कुठे अडला?

जानेवारीत आशियाई चषकाच्या तीन सामन्यांत भारताला एकही गोल करता आला नाही. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानने 2-1 ने हरवलं. 6 जूनला सुनील छेत्रीचा निरोपाचा सामना कुवेतशी 0-0 असा सुटला. 11 जूनला दोहात कतारकडून 2-1 ने पराभव झाला. कतारच्या पहिल्या गोलआधी चेंडू रेषेबाहेर गेला होता, तरी गोल दिला गेला.

दोष फक्त पंचांचा?

नाही. सहा पात्रता सामन्यांत भारताचे गोल तीनच, त्यातला एक पेनल्टीवर. त्या हंगामात आयएसएलमध्ये एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानात असू शकत होते आणि गोल करण्याची जबाबदारी बहुतेकदा त्यांच्यावरच होती. अंतिम सामन्यातही मुंबईच्या तीन गोलांपैकी फक्त बिपिन सिंगचा गोल भारतीय पायातून आला.

अहेरीचा इथे काय संबंध?

दोहात भारताचा गोल करणारा मुंबईचा लालियानझुआला छांगटे मिझोरामच्या लुंगलेईचा. त्या डोंगराळ राज्याने 2012 मध्ये स्वतःची लीग सुरू केली. महाराष्ट्राचा त्या हंगामातला एकमेव आयएसएल संघ मुंबईत होता, अहेरी राज्याच्या दुसऱ्या टोकाला. इथल्या मुलांना चषकाआधी हवेत ते वर्षभर चालणारे स्थानिक सामने.