जत्रेचा प्रसाद आणि औषधांची पिशवी

आंगणेवाडीची तारीख जाहीर झाली, की माझ्या दवाखान्यातील प्रश्न बदलतात. एरवी गुडघे, खोकला, झोप यांविषयी बोलणारी वृद्ध मंडळी त्या आठवड्यात एकच विचारतात, "डॉक्टर, जाऊ का?" आणि त्यांच्यामागे उभा असलेला मुलगा किंवा सून मला डोळ्यांनी खुणावते, "नाही म्हणा."

मसुरे गावातील या वाडीत श्री भराडी देवीची जत्रा भरते. हिची ठरावीक तिथी नाही. देवीचा कौल घेऊन दिवस ठरतो आणि तो बहुधा फेब्रुवारी किंवा मार्चमध्ये येतो. मुंबईचे चाकरमानी तारीख कळताच कोकण रेल्वेच्या आरक्षणामागे लागतात. परंतु या जत्रेचे खरे वैशिष्ट्य मला गर्दीपेक्षा तिच्या चुलीत दिसते. आंगणे कुटुंबांतील लेकीसुना त्या दिवशी मौन पाळून नैवेद्य रांधतात. रात्री ताटे लावण्याचा विधी होतो आणि त्यानंतर घराघरांतून आल्यागेल्या भाविकाला प्रसादाचे जेवण मिळते. पाहुणा ओळखीचा असावा, अशी अट नाही.

जगात अन्नासाठी प्रवास करणारे लोक पुष्कळ. अमेरिकेत मेन राज्यातील रॉकलंड या बंदरात ऑगस्टच्या आरंभी शेवंडीचा महोत्सव भरतो. प्रचंड भांड्यांत वाफवलेली शेवंड वितळलेल्या लोण्यासोबत खायला लोक दूरदूरहून येतात. आपली शेवंड खोबऱ्याच्या वाटपात आणि कोकमाच्या आंबटपणात शिजते, त्यामुळे त्या लोण्याबद्दल मला थोडी कीवच वाटते. असो. तेथे माणूस ताट विकत घेतो, येथे ते त्याच्यासमोर मांडले जाते. वयोवृद्ध माणसाला त्या मांडले जाण्याचीच ओढ असते.

हे मला उशिरा समजले. व्यवसायाच्या पहिल्या दहा वर्षांत मी सरसकट "नको" म्हणत असे. मधुमेह आणि हृदयाची दुर्बलता असलेल्या एका आजोबांना मी असेच थांबवले. ते शांतपणे म्हणाले होते, "साकर किती वाढतली ताच सांगा. जावचा की नाय ता माजा मी बगतंय." मी आकडा सांगितला नाही, दटावले. मुलानेही माझाच आधार घेतला. आजोबा गेले नाहीत आणि पुढच्या पावसाळ्यात वारले. जत्रेला गेले असते तर काय झाले असते, हे मला सांगता येणार नाही. पण त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे माझे काम होते आणि ते मी केले नाही.

तेव्हापासून तारीख लागली, की मी तपासणीसाठी बोलावतो. कौल आणि जत्रा यांमधील दिवस त्याच कामाचे. रक्तदाब, साखर, मूत्रपिंडाची तपासणी, पायांवरील सूज, चालताना लागणारा दम हे पाहिल्यावर माझे उत्तर ठरते. गेल्या काही दिवसांत धाप वाढली असेल, छातीत दुखले असेल, पायाला न भरणारी जखम असेल, तर मी आजही "या वर्षी नको" म्हणतो, कारणही सांगतो.

बाकीच्यांसाठी सर्वांत मोठा धोका गोडाचा नसून रांगेचा आहे, हे ऐकून मंडळी चकित होतात. सकाळची मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतले, उपवास धरला, आणि दर्शनाची रांग हलेना. शिवाय ताटे लावण्याच्या वेळी दर्शन काही काळ थांबते. अशा वेळी साखर वाढत नाही, खाली जाते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांत हे विशेष घडते. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत क्वचित. दरदरून घाम, थरथर, असंबद्ध बोलणे ही लक्षणे. हृदयाच्या काही गोळ्यांमुळे थरथर आणि धडधड जाणवतच नाही, घाम तेवढा सुटतो. "उन्हाने घाम आला" म्हणून सोबतचे वारा घालत बसतात! तेव्हा तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, आणि बरे वाटल्यावर काहीतरी खायला द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट वैद्यकीय मदतकक्ष गाठावा.

हातात खाजाची पुडी असते म्हणून तो भरवण्याची चूक मी पाहिली आहे. खाजा म्हणजे चण्याच्या पिठाच्या तळलेल्या काड्या, आले घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवलेल्या. पीठ आणि तेल यांमुळे त्यातील गूळ रक्तात हळू उतरतो. तातडीला साधी साखरच हवी. एरवी एक-दोन काड्या खाण्यास माझी हरकत नाही. हरकत आहे ती कवळीने कडक खडखडे लाडू फोडण्यास. ज्यांना गिळताना ठसका लागतो, त्यांनी तर लाडू कुटून, दुधात भिजवूनच खावा.

दुसरी गोष्ट लाजेपोटी कोणी बोलत नाही. वाटेत शौचालय मिळणार नाही या भीतीने बायका, विशेषतः वृद्ध बायका, आदल्या दिवसापासून पाणी तोडतात आणि लघवीची गोळी परस्पर बंद करतात. हृदयरोग्यात त्या गोळीचा खंड दोन दिवसांत धाप आणू शकतो. गोळी घेण्याची वेळ बदलता येते, मुक्कामी पोहोचल्यावर घेता येते, डॉक्टरांना विचारावे. पाण्याचे प्रमाण ज्यांना ठरवून दिले आहे त्यांनी तेवढेच, इतरांनी घोटघोट पीत राहावे. मुंबईहून येणाऱ्यांनी शक्य तर दिवसा धावणारी मांडवी धरावी, तासा-दीड तासाने घोटे हलवावेत, डब्यात चार पावले चालावे. इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये.

आणि प्रसादाच्या ताटासमोर सोबतच्यांनी पहारेकऱ्यासारखे बसू नये. भात अर्धा घ्यावा, भाजी-उसळ पुरेशी घ्यावी, पापड-लोणचे टाळावे, रात्रीच्या औषधांचे आधी ठरवून घ्यावे. एवढे घरीच बोलून झालेले असावे. चार लोकांत "आई, ते नको" म्हटलेले आईला जन्मभर आठवते.

गेल्या वर्षी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका आजींच्या मुलाने माझ्याकडून नकार मागितला होता. मी त्याच्या हाती कागद दिला: औषधांची नावे व वेळा, साखरेची पुडी, घडीची खुर्ची, दुपारची विश्रांती, रात्री दंवात कानटोपी. वृद्धांसाठी दर्शनाची वेगळी सोय आहे का, याची त्याने आधी चौकशी केली. चौथ्या दिवशी दोघे तपासणीस आले. साखर नेहमीपेक्षा चाळीसने अधिक होती, वजन तेवढेच, पायांवर सूज नव्हती. मुलगा थकला होता. आजींनी पिशवीतून माझ्यासाठी खाजा काढला आणि पुढच्या वर्षीसाठी आपल्या शेजारणीचेही नाव लिहून घ्यायला सांगितले.