कोयत्याबरोबर निघालेली बाळं आणि गोवराची लस

दसरा-दिवाळी उरकली की कळंब, वाशी, भूम, परंडा भागातली कुटुंबं उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांना, कोणी कर्नाटकात. बिऱ्हाडाबरोबर तान्ही बाळंही जातात. पाच-सहा महिने फडावर काढून गावी परतायला चैत्र उजाडतो. या मुदतीत कित्येक बाळांची गोवराची लस हुकते, आणि त्याची बोंब कुठंच होत नाही.

या लशीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, वर्षाच्या आत द्यायचा असतो. दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. आता हिशेब करा. फेब्रुवारी ते जून या काळात जन्मलेलं बाळ नोव्हेंबर ते मार्चमध्ये नऊ महिन्यांचं होतं, म्हणजे नेमकं फडावर. फेब्रुवारीतलं बाळ एप्रिलात गावी येतं तेव्हा चौदा महिन्यांचं झालेलं असतं. त्यातून हिवाळा सरता सरता गोवराचा जोर वाढतो. कोप्यांच्या दाटीत एका लेकराला गोवर निघाला की शेजारची लस न घेतलेली पोरं सहसा सुटत नाहीत.

मग सहाव्या महिन्यातच टोचून का पाठवू नये, असा प्रश्न साहजिक आहे. आईकडून मिळालेली रोगप्रतिकारक द्रव्यं त्या वयात बाळाच्या अंगात असतात. ती लशीलाच निकामी करतात, म्हणून लवकर दिलेला डोस कमी मुलांना लागू पडतो. 2022 साली मुंबईतील गोवंडी, भिवंडी, मालेगाव येथे गोवराची साथ आली. तेव्हा जिथं दहा टक्क्यांहून जास्त रुग्ण नऊ महिन्यांखालचे होते, तिथं सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना जादा डोस देण्याची सूचना केंद्राने केली. पण तो जादाच. नेहमीचे दोन डोस त्यानं चुकत नाहीत.

लवकर लस देण्याचे प्रयोग परदेशातही झाले. पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊ देशात पीटर आबी यांच्या पथकाने साडेचार महिन्यांना एक जादा डोस देऊन पाहिला. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात अशा बाळांमध्ये मृत्यू कमी दिसले. नंतरच्या चाचण्यांत तेवढा फरक आढळला नाही. त्याआधी 1989 मध्ये सहा महिन्यांच्या बाळांसाठी जास्त तीव्रतेची लस सुचवली गेली होती. मुलींमध्ये मृत्यू वाढल्याचे दिसल्याने 1992 मध्ये ती मागे घ्यावी लागली. तेव्हा घाईचा डोस मनानं घ्यायचा नाही, आणि नवव्या महिन्याचा टाळायचाही नाही.

गोवर अंगावरून गेला म्हणजे सुटलो, असंही नाही. आजवर झालेल्या इतर रोगांविरुद्ध शरीरानं कमावलेली ताकद तो पुसून टाकतो. लस न घेतलेल्या मुलांच्या 2019 च्या अभ्यासात गोवरानंतर 11 ते 73 टक्के प्रतिपिंडे नाहीशी झालेली आढळली. म्हणूनच गोवरापाठोपाठ हगवण, न्यूमोनिया येतो आणि आधीच अशक्त लेकरू खचतं. नुसता लिंबाचा पाला बांधून भागत नाही. दवाखान्यात न्यावं, तिथं 'अ' जीवनसत्त्वाचे डोसही मिळतात.

उपाय खर्चाचा नाही. गाव सोडण्याआधी, सप्टेंबरातच, आशाताई व नर्सबाईंनी फेब्रुवारी ते जूनच्या बाळांची यादी करावी. ती यादी मुकादमाच्या नावासह कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राला कळवावी. कारखान्यानं तळावर लसीकरणाचा दिवस ठरवावा. आणि आईनं लशीचं कार्ड कोयत्याइतकंच जपून संगती न्यावं. सरकारी लस कोणत्याही गावी फुकट मिळते. चुकलीच तर पाच वर्षांपर्यंत घेता येते. उचलीचा हिशेब वहीत पै-पैचा ठेवला जातो. त्याच वहीत बाळाच्या नवव्या महिन्याची तारीखही लिहिली, तर एखादं लेकरू वाचेल.