किल्ली मुकी झाली तर

गेल्या महिन्यांतील गोष्ट. आमच्या वहिनींना डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठीं सकाळीं सात वाजतां परळच्या एका रुग्णालयांत न्यावयाचें होतें. करी रोडवरील आमच्या इमारतीखालीं पुतण्याची मोटार उभी होती. त्यानें किल्लीवरील बटण दाबलें, दार उघडेना. किल्ली झटकली, फुंकली, पुन्हा दाबली, मोटार ढिम्म! "काका, माहितीपुस्तिका आहे, पण ती मोटारींतच!" तो म्हणाला. वहिनी डोळ्यांत औषध घालून जिन्यापाशीं खुर्चीवर बसल्या होत्या.

शेवटीं शेजारच्या चाळींतील एका टॅक्सीवाल्या गृहस्थांनीं किल्लीच्या कडेची बारीक खिटी सरकवली आणि आंतून धातूचें पातें ओढून काढलें. दाराच्या मुठीजवळ एका झांकणाआड कुलपाचें भोंक होतें. दार उघडलें, भोंगा ओरडूं लागला. त्यांनीं शांतपणें ब्रेक दाबावयास सांगून, किल्ली सुरू करण्याच्या बटणाला टेकवली. भोंगा थांबला, मोटार सुरू झाली. काम पांच मिनिटांचें. आम्हीं मात्र त्यापूर्वीं अर्धा तास घालविला होता.

वाचकहो, एक दिसणारी ही किल्ली वस्तुतः तीन किल्ल्या आहेत. पहिली रेडिओलहरी पाठविते. तिलाच काय ती बॅटरी लागते. दुसरी तें धातूचें पातें. तिसरी ओळख पटविणारी चिप. तिला स्वतःची बॅटरी लागत नाहीं. मोटारींतील तारेच्या वेटोळ्याजवळ नेली कीं तेथूनच तिला शक्ति मिळते. ही जागा कांहीं मोटारींत बटणापाशीं, कांहींत अन्यत्र असते. म्हणून आपल्या मोटारीची पुस्तिका सवडीनें एकदां वाचून ठेवावी. किल्ली पूर्वीपेक्षां जवळून दाबावी लागूं लागली, तर बॅटरी संपत आली असें समजावें. आग लागल्यावर विहीर खणण्यांत काय अर्थ?

बॅटरीवर अंक असतो, तोच पाहून नवी आणावी. '२०३२' याचा अर्थ व्यास २० आणि जाडी ३.२ मिलिमीटर, दाब ३ व्होल्ट.

परंतु मुख्य गोष्ट पुढेंच आहे. सायंकाळीं पुतण्यानें नवी बॅटरी बसविली आणि जुनी दिवाणावर ठेविली. थोड्या वेळानें पाहतों तों, आमचा तीन वर्षांचा नातू ती चकचकीत चकती तोंडाकडे नेत होता! मीं ती हिसकावून घेतली, तो रडला, मी मात्र बराच वेळ थरथरत होतों. अशी बॅटरी अन्ननलिकेंत अडकली, तर तिच्या प्रवाहानें तेथें दाहक क्षार तयार होतो आणि अवघ्या दोन तासांत गंभीर भाजते. मोटारीला निरुपयोगी झालेली बॅटरीहि याला पुरेशी असते. मुलानें गिळल्याचा नुसता संशय आला तरी वांतीचे उपाय न करितां तत्काळ रुग्णालय गांठावें व क्ष-किरण तपासणी करवावी. जुन्या बॅटरीच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून ती मुलांच्या हाताबाहेर ठेवावी आणि ई-कचऱ्यांत द्यावी.

वहिनींना आतां छान दिसतें. त्या दिवशीं किल्लीनें आमचा अर्धा तास खाल्ला, याचें आम्हांला मोठें दुःख वाटलें होतें. सायंकाळीं कळलें कीं, त्या बॅटरीनें आमचें काय नेलें असतें!