घरातील यंत्रविद्या : पाटीवरचा आकडा

प्रत्येक यंत्रावर त्याच्या कर्त्याने एक आकडा लिहिलेला असतो. पंपाच्या पाटीवर मिनिटाचे फेरे असतात, मोटारीच्या पाटीवर अश्वशक्ती असते, आणि संगणकाच्या प्रोसेसरची ओळख गिगाहर्ट्‌झने होते. हा आकडा ओलांडावा की नाही, आणि ओलांडल्यास त्याची किंमत काय पडते, हा प्रश्न या महिन्यात आमच्यापुढे आला आहे.

औंधच्या एका वाचक भगिनी लिहितात की, त्यांचे चिरंजीव अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास आहेत. घरी बेताच्या किमतीचा एकच संगणक आहे. त्यावर यजमानांचे हिशेब, धाकट्या मुलीचा अभ्यास आणि आजोबांनी कित्येक वर्षे खपून जमविलेली घराण्याची वंशावळ आहे. चिरंजीवांस त्याच्याच प्रोसेसरची गती वाढवावयाची आहे. यास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. यजमान म्हणतात, ‘कारखान्याने बसवून दिले त्यात हात घालू नये.’ मुलगा म्हणतो, ‘फुकट मिळणारी गती का सोडावी?’ बापलेकांत अबोला झाला आहे. यात खरे कोणाचे, असे भगिनींनी विचारिले आहे.

प्रथम हे प्रकरण काय आहे ते पाहू. तबलजीच्या ठेक्यावर गाणे चालावे तसे प्रोसेसरमधील सर्व काम एका ठोक्यावर चालते. ३.६ गिगाहर्ट्‌झ म्हणजे सेकंदास ३६० कोटी ठोके. हा आकडा बहुधा १०० मेगाहर्ट्‌झचा मूळ ठोका आणि एक गुणक यांच्या गुणाकाराने येतो. येथे गुणक ३६ आहे. बायॉसमध्ये जाऊन तो ३८ केला की झाले ओव्हरक्लॉकिंग. मात्र प्रत्येक ठोक्याच्या आत प्रोसेसरमधील कोट्यवधी सूक्ष्म कळा उघडून-मिटून स्थिर व्हाव्या लागतात. ठोके जवळ आले की त्यांस वेळ अपुरा पडतो. मग त्या लवकर हलाव्यात म्हणून विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, वाढवावा लागतो.

ही जादा गती मुळात शिल्लक का असते? एकाच घाण्यातील प्रोसेसर सारखे निघत नाहीत. कारखानदार ते तपासून त्यांची प्रतवारी लावितो, आणि अगदी बेताचा नगही कडक उन्हाळ्यात चालावा इतके अंतर राखून आकडा लिहितो. शिवाय स्वस्त मालास मागणी अधिक असेल तर चांगला नगही खालच्या प्रतीत विकला जातो. १९९८ साली निघालेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. त्याचा गुणक ४.५ असा कायम केलेला होता. परंतु बोर्डावरील मूळ ठोका ६६ वरून १०० मेगाहर्ट्‌झ केला की ३०० चा प्रोसेसर ४५० वर चाले. पुष्कळ नग असे चालले, आणि स्वस्त प्रोसेसर महागाच्या पंक्तीस जाऊन बसला.

तो काळ आता गेला. २००८ नंतरचे प्रोसेसर थंडावा आणि वीज पाहून आपली गती आपणच वाढवितात. म्हणजे शिलकेतील बराचसा भाग कारखान्यानेच खर्ची घातलेला असतो. जे उरते त्याची किंमत मात्र चढी आहे.

ती किती चढी, हे औंधकरांस पंपाच्या उदाहरणाने चटकन पटेल. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या हद्दीत कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. आज ती सांगली जिल्ह्यात असून तिचे नाव पंपांशी जोडले गेले आहे. सेंट्रिफ्युगल पंपाचे फेरे १० टक्के वाढविले तर पाणी सुमारे १० टक्केच वाढते, पण त्यास लागणारी शक्ती सुमारे ३३ टक्के वाढते. कारण शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात चढते. प्रोसेसरचा हिशेबही असाच बसतो. त्याची उष्णता ठोक्याच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ठोका १० टक्के आणि व्होल्टेजही १० टक्के वाढविले, तर ६५ वॉटांचा प्रोसेसर सुमारे ८६ वॉट खाऊ लागतो. गती दहा टक्के आणि उष्णता तेहेतीस टक्के, या व्यवहारास फुकट म्हणता येत नाही. अधिक व्होल्टेज आणि उष्णता यांनी प्रोसेसरचे आयुष्यही घटते, आणि बहुतेक कारखानदार अशा वापरास वॉरंटी देत नाहीत.

याहून मोठा धोका वेगळाच आहे. गती न पेलल्यामुळे यंत्र बंद पडले तर ते निदान प्रामाणिकपणे कळते. परंतु कधी कधी ते बंद न पडता चुकीचा हिशेब करिते, आणि ती चूक निमूटपणे फाइलीत लिहिली जाते. खेळात याने फारसे बिघडत नाही. वंशावळीत किंवा जमाखर्चात बिघडते, आणि ते महिन्यांनी उघडकीस येते.

म्हणून आमचे उत्तर असे की, कागदपत्रांच्या बाबतीत यजमानांचे खरे, आणि जिज्ञासेच्या बाबतीत चिरंजीवांचे. उघडून पाहिल्यावाचून यंत्रविद्या येत नाही; तेव्हा मुलास मनाई करू नये, पथ्य मात्र घालून द्यावे.

पहिले पथ्य असे की, घरातील सर्व महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ती कपाटात ठेवावी, आणि मगच बायॉस उघडावे. दुसरे, आपल्या यंत्रास ही मुभा आहे का ते पाहावे. इंटेलमध्ये ती बहुधा नावात ‘के’ अक्षर असलेल्या प्रोसेसरास आणि ‘झेड’ जातीच्या बोर्डावरच मिळते. एएमडीच्या बहुतेक रायझन प्रोसेसरांचा गुणक मोकळा असतो, पण ए३२० आणि ए५२० या स्वस्त बोर्डांवर तो बदलता येत नाही. तिसरे, आधी पंख्यावरची धूळ काढावी. चौथे, एका वेळी १०० मेगाहर्ट्‌झहून अधिक वाढवू नये. प्रत्येक पायरीवर प्राइम९५ सारख्या कसोटीच्या कार्यक्रमाने यंत्र काही तास राबवावे आणि तापमान वहीत टिपावे. ही कसोटी पौषातल्या सकाळी पुरी होत नाही. खोली जितक्या अंशांनी तापते, जवळजवळ तितक्याच अंशांनी प्रोसेसरही तापतो. खटाव-माणच्या वैशाखातील दुपारी जे टिकेल तेच खरे धरावे.

केवळ संगणक संथ चालतो एवढीच तक्रार असेल, तर जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी. रॅमची एकच पट्टी असेल तर बोर्डास जुळणारी दुसरी घालावी. त्याने घरातल्या सर्वांस फरक जाणवेल, आणि वॉरंटीलाही बहुधा बाध येणार नाही.

एवढे करूनही चिरंजीवांची हौस उरली, तर एखाद्या रविवारी प्रयोग मांडावा. तापमानाची वही यजमानांनी लिहावी. आकडे टिपता टिपता अबोलाही सुटेल.