ड्रमरसमोरची काच आणि ताशावाल्याचे कान

लग्नसराईत कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या कुठल्याही गावात हळदीच्या रात्री जा, बेंजो कुठे चाललाय हे कुणाला विचारावं लागत नाही. अशाच एका हळदीत ताशा वाजवणारा पोरगा दिसला. वय असेल एकोणीस-वीस. गाणं संपलं की तो कानातला कापसाचा बोळा काढायचा, कुणी काही बोललं की ‘काय? काय?’ करायचा आणि पुढचं गाणं सुरू झालं की बोळा परत कानात.

त्याच आठवड्यात मित्राने एक रील पाठवली. मोठा हॉल, झकास लायटिंग आणि ड्रमर बसलाय पारदर्शक पिंजऱ्यात. खाली मित्राचा प्रश्न, ‘याला कोंडून का ठेवलंय?’

प्रश्न गमतीचा असला तरी उत्तर आपल्या ताशावाल्यापर्यंत येऊन पोहोचतं.

तो पिंजरा बहुतेक वेळा काचेचा नसून ॲक्रेलिकचा असतो. ड्रमकिट जवळून ऐकलं तर आवाज शंभर डेसिबलच्या पुढे सहज जातो. बंदिस्त हॉलमध्ये गायकाचा माइक ड्रमच्या पुढ्यातच असतो. तो गाण्यासोबत मागची झांजही उचलतो. साउंडवाल्याने गायकाचा आवाज वाढवला की झांजही वाढते. मग गिटारवाल्याला स्वतःचं ऐकू येत नाही, तो आपला ॲम्प वाढवतो. त्यावर ड्रमर आणखी जोरात हाणतो. ही चढाओढ थांबवण्यासाठी मध्ये पारदर्शक भिंत उभी करतात, म्हणजे ड्रमर दिसतो पण त्याचा आवाज माइकमध्ये कमी घुसतो.

भिंत सगळाच आवाज अडवत नाही. झांजेचा तीक्ष्ण आवाज, साधारण ५,००० हर्ट्झचा धरला, तर त्याच्या लहरीची लांबी सात सेंटिमीटरच्या आसपास येते. ती भिंतीवर आपटून मागे फिरते. मोठ्या ड्रमचा ६० हर्ट्झचा दणका मात्र साडेपाच मीटरपेक्षा लांब लहरीचा असतो. तो भिंतीला वळसा घालून आरामात बाहेर येतो.

आता जो आवाज मागे फिरला, तो जातो कुठे? थेट ड्रमरच्या कानात. म्हणून नीट केलेल्या सेटअपमध्ये ड्रमरच्या मागे आवाज शोषणारे जाड पॅनेल लावतात आणि ड्रमर कान झाकणारे हेडफोन किंवा कानात घट्ट बसणारे इन-इअर वापरतो. नुसती भिंत उभी केली तर गायक सुखी, प्रेक्षक सुखी आणि ड्रमरचे हाल.

आपल्याकडच्या बेंजोतही तीच चढाओढ चालते. टेम्पोवर कीबोर्डचे स्पीकर, पुढे कच्छी ढोल, ताशे, झांजा. ताशापुढे कीबोर्ड दबतो म्हणून स्पीकर वाढवायचा. स्पीकरपुढे ताशा दबतो म्हणून हात आणखी जोरात चालवायचा. रस्त्यावर चालत वाजवणाऱ्यांसमोर भिंत उभी करता येत नाही, हे मान्य. पण वादकाच्या कानाचा विचार तरी कुठे होतो?

कायद्यातही तो सापडत नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. स्पीकर लावलेल्या सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी असेल, त्याच्या पुढे जाता कामा नये. रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर बंद. घरातलं आजारी माणूस, लहान बाळ, परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी यांच्यासाठी हे नियम हवेतच. पण यात मोजणी होते ती हद्दीवर, आणि वादक उभा असतो मधोमध.

पुण्यातल्या वादाचंही तसंच. ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ढोल-ताशा पथकात ३० पेक्षा जास्त जण नकोत असं सांगितलं आणि सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. बातम्या परंपरा विरुद्ध प्रदूषण अशा रंगल्या. पण ध्वनीचं गणित बघा. तेवढ्याच जोराने वाजणारे ढोल ३० चे ६० केले तरी एकूण आवाज वाढतो साधारण ३ डेसिबल. वादकाच्या कानाला सगळ्यात जवळचा असतो त्याचा स्वतःचा ढोल आणि शेजाऱ्याचा ताशा. पथक लहान केल्याने ते अंतर बदलत नाही.

आता खोपोलीतल्या कारखान्यांकडे बघू. कारखान्यांसाठीच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा ठरलेली आहे. त्यापुढे कामगाराचे कान वाचवणं ही मालकाची जबाबदारी. अमेरिकेतली निऑश ही संस्था आणखी कडक आहे. ती ८५ डेसिबलला आठ तास देते आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करते. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. एका हळदीत बेंजो किती तास चालतो, हिशेब तुम्हीच करा.

‘पण हे संगीत आहे, मशीन थोडीच आहे?’ लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसनेही काहीसा असाच बचाव केला होता. तिथले व्हायोलावादक ख्रिस्तोफर गोल्डशायडर यांना २०१२ मध्ये तालमीत ट्रम्पेटवाल्यांच्या पुढे बसवलं होतं. आवाजाची उसळी १३० डेसिबलच्या पुढे गेली आणि त्यांच्या कानांना कायमची इजा झाली. २०१८ मध्ये तिथल्या हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि कायदा कारखाना व ऑपेरा यांत फरक करत नाही, असं बजावलं. २०१९ मध्ये अपिलातही ऑपेरा हाउसची जबाबदारी कायम राहिली.

आपल्या बेंजोवाल्याला ना पाळी, ना हजेरी, ना पीएफ. सुपारी ठरते, पैसे वाटले जातात, विषय संपला. यात कॉलेजची फी काढणारी पोरं आहेत. विसर्जनानंतर दोन दिवस कानात शिट्टी वाजते, हे पथकात असलेला कुणीही सांगेल. ती शिट्टी थांबते म्हणून आपण विसरतो. पण आतल्या कानातल्या बारीक केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत.

काय करता येईल? कापसाने फारसं काही अडत नाही. मेडिकलमध्ये दोन वडापावच्या पैशांत फोमचे इअरप्लग मिळतात, ते नीट पिळून आत बसवायचे. कीबोर्डचे स्पीकर ताशावाल्याच्या कानाच्या रेषेत ठेवायचे नाहीत. दर काही गाण्यांनंतर आवाजापासून लांब जाऊन विश्रांती घ्यायची. आणि सुपारी देणाऱ्याने ‘अजून वाजव, अजून वाजव’ म्हणण्याआधी वाजवणाऱ्याकडे एकदा बघायचं.

त्या हळदीत शेवटी मी ताशावाल्याला विचारलं, ‘डॉक्टरला दाखवलंस का?’

तो म्हणाला, ‘काय?’