कार्बोरेटर गळतो? आधी दोष शोधा, मग सामान विका

वर्धा जिल्ह्यात मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. शेतावर जाणारा शेतकरी, घरोघरी फिरणारा दूधवाला, पुलगाव-देवळीच्या बाजाराला कापडाचे गाठोडे बांधून निघणारा फेरीवाला, या सर्वांची रोजी दोन चाकांवर चालते. ही चाके चालती ठेवणाऱ्यांत आपले कारागीर बंधू पुष्कळ आहेत. म्हणूनच एका नेहमीच्या दोषाविषयी आणि तो दुरुस्त करण्याच्या रीतीविषयी आम्ही येथे स्पष्टपणे लिहीत आहोत.

कार्बोरेटरमधून पेट्रोल गळू लागले, कारागिरांच्या भाषेत गाडी 'ओव्हर' होऊ लागली, की काही ठिकाणी थेट नवा कार्बोरेटर बसवण्याचा सल्ला दिला जातो. आमच्या मते ही रीत चुकीची आहे. यात ग्राहकाचे नुकसान होतेच, पण त्याहून अधिक नुकसान धंद्याचे होते. सामान काय, कोणताही दुकानदार विकू शकतो. दोष ओळखणे हीच मिस्त्रीची खरी पुंजी आहे.

मुळात यंत्र साधे आहे. टाकीतील पेट्रोल आपल्या वजनाने कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत उतरते. वाटीत पातळी वाढली की फ्लोट वर उचलला जातो आणि त्याच्यावरची निडल पेट्रोलचे तोंड बंद करते. हे तोंड नीट बंद झाले नाही तर जादा पेट्रोल ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर पडते.

म्हणून पहिला प्रश्न असा, की पेट्रोल नेमके कोठून येते? कार्बोरेटर बाहेरून कोरडा पुसावा, कॉक उघडावा आणि पाहत राहावे. वाटीच्या जोडावर ओल आली तर पॅकिंग गेले आहे. तळाच्या स्क्रूवर थेंब दिसला तर तो ढिला आहे किंवा त्याची रिंग खराब आहे. वरच्या रबरी नळीला चीर असेल तर ती बदलावी. ही कामे थोडक्यात होतात, त्यासाठी कार्बोरेटर बदलण्याचे कारणच नाही.

ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल येत असेल तर दोष आत आहे. पुष्कळदा निडलखाली कचरा अडकलेला असतो. गावोगावी बाटलीतून, डब्यातून पेट्रोल भरले जाते आणि जुन्या टाक्यांना आतून गंज असतो. पेचकसच्या मुठीने वाटीवर हलके ठोकून गळती थांबली तर कचऱ्याचा संशय घ्यावा, परंतु तेवढ्यावर गाडी परत देऊ नये. वाटी उघडून धुवावी, निडलचे टोक पाहावे. टोकावर गोल खाच पडली असेल तर निडल बदलावी. फ्लोट कानाजवळ हलवावा, आत पेट्रोल खळखळले तर तो फुटला आहे. फ्लोटची उंची कंपनीच्या मापाप्रमाणे आहे का तेही तपासावे. वाटीतील उभ्या नळीला तडा असेल तर पातळी बरोबर असूनही पेट्रोल गळत राहते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. जेटच्या छिद्रात लोखंडी तार घालू नये. पितळ मऊ असते, छिद्र मोठे झाले की गाडी कायमची जास्त पेट्रोल खाते.

आणखी एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगतो. रात्रभर कॉक उघडा राहिला तर पेट्रोल इंजिनात उतरू शकते. ऑइलला पेट्रोलचा वास आला किंवा पातळी वाढलेली दिसली तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी सुरू करू नये. पातळ ऑइलवर इंजिन घासते, आणि शंभर रुपयांचे काम हजारोंत जाते. काम चालू असताना जवळ विडी, सिगारेट किंवा वेल्डिंग नको. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ झपाट्याने होते; दुकान जळायला एक ठिणगी पुरते.

आता काळाकडेही पाहिले पाहिजे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठल्याचे सरकारने २०२५ साली जाहीर केले. इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि जुन्या गाड्यांतील सगळे रबर अशा मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. जी गाडी महिनोन्महिने उभी राहते, तिच्या वाटीतले पेट्रोल काढून ठेवण्याचा सल्ला ग्राहकाला द्यावा. पॅकिंग आणि निडल घेताना स्वस्तापेक्षा टिकाऊ माल घ्यावा.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. तेथे निडल आणि फ्लोट नाहीत. सेन्सर, पंप आणि तपासणीचे यंत्र आहे. एमएच-३२ पाटीच्या जुन्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत, तोवर कार्बोरेटरचे काम येत राहील, पण ते कमी होत जाणार हे उघड आहे. ज्या उस्तादाने शागिर्दाला फक्त भाग बदलायला शिकवले, त्याचा शागीर्द नव्या गाडीपुढे हात टेकेल. ज्याने पाहणे, तपासणे आणि एकेक शक्यता बाजूला सारणे शिकवले, त्याचा शागीर्द सेन्सरही शिकून घेईल, कारण दोष शोधण्याची रीत दोन्हीकडे एकच आहे.

आमची सूचना साधी आहे. काढलेला जुना भाग ग्राहकाच्या हातात द्या, दोष काय होता ते दोन वाक्यांत सांगा आणि मगच पैसे घ्या. ग्राहकाची गाडी आपल्याकडे अमानत असते. जो मिस्त्री पन्नास रुपयांच्या निडलवर काम भागवतो, त्याच्याच दुकानी तो ग्राहक पुढच्या वेळी इंजिनाच्या कामाला येतो, आणि येताना शेजाऱ्यालाही घेऊन येतो.